दमट दक्षिणेतली हिरवळ

महाराष्ट्रातला शेतकरी ज्या हरळीपुढे हात टेकतो, तीच हरळी अमेरिकेच्या दक्षिणेत लोक पैसे मोजून विकत घेतात. मातीसकट कापलेल्या तिच्या लाद्या ट्रकमधून येतात, घरापुढे अंथरल्या जातात आणि पुढे वर्षानुवर्षं घरमालक तिला खतपाणी घालत राहतो. तिकडे तिला बर्म्युडा ग्रास म्हणतात, वनस्पतिशास्त्रात सायनोडॉन डॅक्टिलॉन. गणपतीला वाहतो ती दूर्वा हीच. त्यामुळे अटलांटा किंवा ह्यूस्टनमधल्या मराठी घरांना गणेश चतुर्थीला दूर्वांसाठी फार फिरावं लागत नाही. तिच्यावर तणनाशक मारलेलं नाही ना, एवढं मात्र विचारून घ्यावं लागतं.

टेक्सासच्या आखाती किनाऱ्यापासून लुइझियाना, मिसिसिपी, अलाबामा, जॉर्जिया, फ्लोरिडा आणि वर दोन्ही कॅरोलिनांपर्यंतच्या या पट्ट्यात घरापुढची हिरवळ हा प्रतिष्ठेचा विषय असतो. बहुतेक नव्या वसाहतींत घरमालकांची संघटना असते, तिला सगळे ‘एचओए’ म्हणतात. गवत किती उंच वाढलेलं चालेल, पुढच्या अंगणात काय लावायचं आणि काय नाही, याचे लेखी नियम असतात. ते मोडले की आधी पत्र येतं, मग दंड. नव्यानं घर घेतलेला माणूस या धास्तीनं कामाला लागतो. रोज संध्याकाळी पाणी, महिन्याला खत, दर शनिवारी बुडापर्यंत कापणी असा सपाटा सुरू होतो आणि दोन-तीन वर्षांत हिरवळीवर तपकिरी चट्टे उमटतात. या प्रदेशातली अंगणं हयगयीपेक्षा हौसेनंच अधिक बिघडतात. असं का होतं, हे कळायला आधी तिथली हवा समजून घ्यावी लागते.

बारमाही ओल

हवामानशास्त्रात या प्रदेशाला दमट उपोष्ण म्हणतात. ह्यूस्टनला वर्षाकाठी सुमारे १३०० मिलिमीटर पाऊस पडतो, न्यू ऑर्लिन्सला १६००च्या आसपास. मुंबईत २२००च्या वर पडतो, त्यामुळे आपल्याला हे आकडे किरकोळ वाटतात. पण मुंबईचा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबरात उरकतो आणि ह्यूस्टनचा बाराही महिन्यांत विखुरलेला असतो. आपल्याकडे पावसाळा सरला की जमीन सुकते, गवत वाळतं आणि बुरशीला वर्षातून एकदा तरी खीळ बसते. तिकडे तसा भरवशाचा कोरडा ऋतू नाही.

त्यात उन्हाळ्याच्या रात्री उबदार आणि बाष्पानं भरलेल्या. पानांवर रात्री दव जमतं ते सूर्य चांगला वर येईपर्यंत टिकतं. बुरशीचा बीजाणू पानावर पडला तरी तो रुजून आत शिरायला पान सलग काही तास ओलं असावं लागतं. म्हणून दमट प्रदेशातल्या बागेत ‘पाणी किती दिलं’ याइतकाच ‘पान किती तास ओलं राहिलं’ हा प्रश्न महत्त्वाचा असतो. कोरड्या हवेत शिकलेला माळी हा हिशेब करत नाही, आणि तिथंच त्याचा घोटाळा होतो.

दुसरी गोष्ट थंडीची. हिवाळा एकंदरीत सौम्य असला तरी उत्तरेकडून येणारी थंड लाट अडवायला मध्ये डोंगर नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये ह्यूस्टनचं तापमान उणे १० अंश सेल्सिअसच्याही खाली उतरलं. दहा-पंधरा वर्षं फोफावलेल्या जास्वंदी, बोगनवेली, लिंबाची झाडं आणि कित्येक जातींचे पाम त्या आठवड्यात गेले. मूळचे तिथलेच लाइव्ह ओक मात्र उभे राहिले. काय लावावं याचा सरकारी आधार म्हणजे अमेरिकी कृषी खात्याचा हिवाळी तापमानाचा नकाशा. तो २०२३ मध्ये नव्यानं काढला गेला आणि रोपवाटिकेतल्या बहुतेक कुंड्यांवरच्या चिठ्ठीत त्यातला विभाग लिहिलेला असतो. पण नकाशात असते ती सरासरी. झाड मरतं ते एखाद्याच वाईट रात्री.

झाडलेल्या अंगणाच्या जागी लॉन

आज लॉन हे दक्षिणेचं जुनं वैभव वाटतं. खरं तर तिथल्या साध्या घरांपुढे विसाव्या शतकातही बराच काळ गवताचं पातं ठेवत नसत. अंगण म्हणजे उघडी, टणक, रोज झाडलेली माती. डॉगवुडच्या किंवा गॉलबेरीच्या काटक्या बांधून त्याचे खराटे करत. झाडलेल्या जमिनीवर साप दिसतो, वणवा घरापर्यंत पोहोचत नाही, डासांना आडोसा मिळत नाही आणि पोरांना खेळायला जागा होते. आफ्रिकी-अमेरिकी कुटुंबांत ही रीत विशेष टिकली. रिचर्ड वेस्टमॅकॉट या अभ्यासकानं १९९२च्या आपल्या पुस्तकात ग्रामीण दक्षिणेतल्या अशा अंगणांची तपशीलवार नोंद केली आहे. सडा घातलेल्या, झाडलेल्या अंगणात वाढलेल्या मराठी माणसाला त्या रीतीमागचा विचार वेगळा समजावून सांगायला नको.

लॉन आलं ते इंग्लंडच्या थंड, रिमझिम हवेतून. १८३० मध्ये एडविन बडिंग या इंग्रज कारागिरानं गवत कापायचं यंत्र काढलं आणि मेंढ्या किंवा विळेवाले न पोसताही हिरवळ राखणं शक्य झालं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत उपनगरं पसरली, मोटारीवर चालणारे मोअर स्वस्त झाले आणि हिरवळ घरोघर पोहोचली. क्रिस्टिना मिलेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये उपग्रहचित्रांच्या मदतीनं काढलेल्या अंदाजानुसार, घरं, बागा आणि गोल्फची मैदानं धरून अमेरिकेतल्या हिरवळीचं क्षेत्र सव्वा लाख चौरस किलोमीटरांच्या वर जातं. महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाच्या चाळीस टक्के भागावर फक्त कापायचं गवत, असा त्याचा अर्थ.

दक्षिणेत एक अडचण होती. इंग्लंडचं गवत तिथल्या ऑगस्टमध्ये तग धरत नाही. मग उष्ण प्रदेशांतली गवतं शोधली गेली.

चार गवतं, चार स्वभाव

ऊस, ज्वारी, बाजरी आणि मका हे कडक उन्हात कार्यक्षमतेनं अन्न तयार करणाऱ्या ज्या गटात मोडतात, त्याच गटातली ही गवतं आहेत. उन्हाळ्यात ती जोमानं वाढतात, थंडीत तपकिरी होऊन झोपी जातात. जानेवारीत पिवळं पडलेलं लॉन पाहून पाणी सोडणारा नवखा माणूस दर हिवाळ्यात दिसतो. गवत मेलेलं नसतं, सुप्तावस्थेत असतं. त्याला पाणी दिलं तर फायदा फक्त बुरशीचा आणि हिवाळी तणांचा.

हरळी, म्हणजे बर्म्युडा, सर्वांत काटक. जमिनीवरून आणि जमिनीखालून अशी दोन्हीकडून ती खोडं पसरवते, म्हणून तुडवली तरी भरून येते. मात्र सावलीत ती विरळ होते. जॉर्जियात टिफ्टन नावाचं गाव आहे. तिथल्या संशोधन केंद्रात ग्लेन बर्टन यांनी हरळीच्या संकरातून ‘टिफवे’ ही बारीक पात्याची जात काढली आणि १९६० पासून ती गोल्फच्या आणि खेळांच्या मैदानांवर गेली. याच बर्टन यांनी बाजरीचं ‘टिफ्ट २३ ए’ हे नर-वंध्य वाण तयार केलं होतं. ते भारतात आलं आणि त्याच्या आधारानं १९६५ मध्ये ‘एचबी-१’ ही देशातली पहिली संकरित बाजरी निघाली. अमेरिकी दक्षिणेची मैदानं आणि आपली हायब्रीड बाजरी यांच्या मुळाशी असा एकच माणूस आहे.

आखाती किनाऱ्यावर आणि फ्लोरिडात राज्य आहे ते सेंट ऑगस्टीन गवताचं. रुंद पातं, जाडसर धावती खोडं, थोडी सावली सोसण्याची तयारी. त्याचं बी व्यवहारात मिळत नाही, लाद्या किंवा ठोंबच लावावे लागतात. म्हणजे वसाहतभर एकाच वाणाच्या कलमी प्रती पसरतात आणि एका रोगाला किंवा किडीला सगळ्या सारख्याच बळी पडतात. चिंच बग नावाचा बारीक रसशोषक ढेकूण आणि एक विषाणुजन्य रोग यांना तोंड देणारं ‘फ्लोराटॅम’ हे वाण फ्लोरिडा आणि टेक्सासच्या विद्यापीठांनी मिळून १९७३ मध्ये दिलं. ते इतकं लावलं गेलं की काही वर्षांत त्यालाही पचवणारे चिंच बग निपजले.

तिसरं सेंटिपीड गवत. फ्रँक मायर या वनस्पती-शोधकानं विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात चीनमधून ज्या वनस्पती धाडल्या, त्यांतून ते अमेरिकेत आलं. आम्लधर्मी, निकस जमीन त्याला मानवते. तिथले लोक त्याला आळशी माणसाचं गवत म्हणतात, आणि त्या नावात शहाणपण आहे. भरघोस नत्र दिलं की ते काही दिवस गर्द हिरवं दिसतं, नंतर खोडांचा जाड थर साचून मुळं वर येतात आणि वसंतात ठिकठिकाणी मरून जातं. उपासमार सोसणारं हे गवत लाडानं मरतं. चौथं झॉयसिया. दाट आणि देखणं, पण वाढायला संथ आणि लावायला महाग.

कापणीचा नियम चौघांनाही सारखा आहे. एका वेळी पात्याच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नये. सेंट ऑगस्टीन तीन-चार इंच ठेवावं, हरळी एक-दोन इंच चालते. पातं जितकं उंच, मुळं तितकी खोल आणि जमिनीवर सावली जास्त, त्यामुळे तणाचं बी उगवायला ऊन मिळत नाही. पात्यांना धार असावी. बोथट पात्यानं गवत फाटतं आणि फाटलेल्या टोकांतून बुरशीला वाट मिळते. कापलेलं गवत पिशवीत भरून रस्त्यावर ठेवण्याऐवजी तिथंच पडू द्यावं. गवताला लागणाऱ्या नत्राचा चौथा हिस्सा त्यातूनच परत मिळू शकतो.

पाणी: केव्हा आणि कशासाठी

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या अंदाजानुसार तिथल्या घरगुती पाण्यातलं सुमारे एक तृतीयांश पाणी अंगणात ओतलं जातं, आणि त्यातलं निम्म्यापर्यंत वाऱ्यानं, बाष्पीभवनानं किंवा गटारात वाहून वाया जातं. ज्या प्रदेशात बारा महिने पाऊस आहे, तिथं हे घडतं ते स्प्रिंकलरच्या घड्याळामुळे. एकदा आठवड्यातून तीन वार लावून ठेवले की बाहेर धो धो पाऊस पडत असतानाही तुषार उडत राहतात.

गवताला उन्हाळ्यात आठवड्याला साधारण एक इंच पाणी पुरतं, आणि पाऊस त्यातच धरायचा. स्प्रिंकलर एक इंच टाकायला किती वेळ घेतो हे कळायला लॉनवर चार-पाच पसरट डबे ठेवून मोजावं. रोज थोडं दिलं तर मुळं वरच्या दोन इंचांतच घुटमळतात, आणि दुष्काळी पंधरवडा आला की आधी तीच जळतात. गवताला तहान लागली की ते सांगतं: पातं लांबीत दुमडतं, रंग निळसर-राखाडी होतो आणि चालल्यावर पावलाचा ठसा तसाच राहतो. ही लक्षणं दिसेपर्यंत थांबायला हरकत नाही.

वेळ पहाटेची. त्या वेळी दव असतंच, पान आधीच ओलं आहे. पहाटे दिलेलं पाणी ओल्या तासांत भर घालत नाही आणि सूर्य वर आला की पान सुकतं. संध्याकाळी सहाला पाणी दिलं तर सकाळी नऊपर्यंत पंधरा तास पान ओलं. र‍्हायझोक्टोनिया नावाच्या बुरशीला यापेक्षा जास्त काही लागत नाही. शरदात रात्री गार होऊ लागल्या की तिनं केलेले तपकिरी गोल दिसू लागतात, काही फूट रुंदीचे, कडेला पिवळसर-नारिंगी.

तपकिरी डाग दिसला की पाणी वाढवणं ही सर्वांत महागात पडणारी सवय. आधी डागातलं पातं ओढून पाहावं. बुडाशी कुजून सहज सुटून हातात आलं तर बुरशी, पाणी कमी करा. डाग भर उन्हाळ्यात, डांबरी किंवा सिमेंटच्या कडेला, तापलेल्या जागी असेल तर चिंच बगचा संशय घ्यावा. दोन्ही तोंडं उघडी असलेला डबा डागाच्या कडेला जमिनीत दाबून पाण्यानं भरला की थोड्या वेळात किडे वर तरंगतात. पावलाचा ठसा राहतो आणि किडे नाहीत, तेव्हाच दोष तहानेचा.

माती आणि खत

ह्यूस्टन भागातल्या चिकट काळ्या मातीला स्थानिक लोक ‘गम्बो’ म्हणतात. मृदाशास्त्राच्या वर्गीकरणात ती व्हर्टिसॉल गटात मोडते आणि दख्खनची काळी जमीनही त्याच गटातली. ओली झाली की फुगते, सुकली की भेगाळते. विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाला हे अनुभवानं ठाऊक आहे. तिथली घरं जमिनीवर टेकलेल्या काँक्रीटच्या सलग लादीवर उभी असतात, त्यामुळे कडक उन्हाळ्यात माती आकसली की पाया कलतो आणि भिंतींना तडे जातात. म्हणून उन्हाळ्यात पायाभोवती झिरपणारा पाइप अंथरून मातीची ओल राखणारे लोक दिसतात. ते पाणी घरासाठी असतं.

या मातीत वाफसा नसताना कुदळ घातली तर ढेकळं दगडासारखी होतात. दर वर्षी वरून कंपोस्टचा पातळ थर देत राहणं हा तिच्यावरचा सोपा उपाय. जिथं पाणी तुंबतं तिथं उंच वाफे. अझेलिया आणि कॅमेलिया या दक्षिणेच्या लाडक्या झुडपांना आम्लधर्मी, निचऱ्याची माती हवी. जॉर्जियाच्या लाल मातीत ती बेतानं रमतात, गम्बोत मात्र पाइनच्या सालीनं भरलेल्या उंच वाफ्याशिवाय टिकत नाहीत. फ्लोरिडातली वाळू याच्या उलट टोकाची. तिच्यातून पाणी आणि विरघळलेलं खत दोन्ही सरळ खाली जातं.

हे खाली गेलेलं खत पुढे कुठं जातं, हा दक्षिणेतला मोठा सार्वजनिक प्रश्न आहे. फ्लोरिडात उन्हाळा हाच पावसाचा ऋतू. नेमकं तेव्हाच टाकलेलं नत्र आणि स्फुरद वाहून खाड्यांत आणि सरोवरांत उतरतं, शेवाळ माजतं, पाण्याखाली ऊन पोहोचत नाही आणि सागरी गवत मरतं. त्या गवतावर जगणारे मॅनटी हे पाण्यातले सस्तन प्राणी २०२१ मध्ये फ्लोरिडात अकराशेच्या आसपास मेले. इंडियन रिव्हर या खाजणातली उपासमार हे त्याचं एक मुख्य कारण होतं, आणि तिथल्या पाण्यातलं नत्र मैला-सांडपाण्यातून आणि लॉनच्या खतातून असं दोन्हीकडून येतं. पिनेलास परगण्यानं जून ते सप्टेंबर लॉनला नत्र-स्फुरद द्यायला बंदी केली, इतर अनेक परगण्यांतही तसे नियम आहेत. २००९ मध्ये राज्यानं कायदाच केला की हवामानाला साजेशी, कमी पाण्याची बाग करणाऱ्या घरमालकाला एचओए अडवू शकणार नाही. टेक्सासनं २०१३ मध्ये त्याच दिशेचा कायदा केला. नोटिशीला घाबरून लॉन पोसणाऱ्यांपैकी अनेकांना हे कायदे माहीत नसतात.

खत किती द्यायचं हे दुकानातल्या पिशवीला विचारू नये. प्रत्येक राज्यात कृषी विद्यापीठाची विस्तार सेवा आहे, १९१४ च्या कायद्यानं उभी राहिलेली. परगण्याच्या कार्यालयात मातीचा नमुना दिला की दहा-वीस डॉलरांत सामू, स्फुरद, पालाश आणि शिफारस हाती येते. आपली कृषी विद्यापीठं उभारताना याच अमेरिकी विद्यापीठांचा नमुना समोर होता.

ताम्हणाची बहीण आणि इतर झाडं

जून ते सप्टेंबर दक्षिणेचे रस्ते ज्या झाडानं गुलाबी, जांभळे, पांढरे होतात, ते क्रेप मर्टल. लॅजरस्ट्रोमिया इंडिका हे त्याचं शास्त्रीय नाव. महाराष्ट्राचं राज्यपुष्प ताम्हण याच प्रजातीतलं, लॅजरस्ट्रोमिया स्पेसिओसा. चुरगाळलेल्या रेशमासारख्या पाकळ्या पाहून नात्याची खात्री पटते. दमट हवेत त्याला भुरी रोग फार होई. जपानमधून आणलेल्या एका भाऊबंदाशी संकर करून अमेरिकेच्या राष्ट्रीय वनस्पती उद्यानात डोनाल्ड एगॉल्फ यांनी भुरीला दाद न देणारे वाण काढले आणि त्यांना मूलनिवासी जमातींची नावं दिली. पांढऱ्या फुलांचं आणि दालचिनी रंगाच्या सालीचं ‘नॅचेझ’ त्यांतलंच.

या झाडाचा छळ मात्र दर हिवाळ्यात होतो. जाड फांद्या मध्येच तोडून खुंट ठेवले जातात. त्या खुंटांवर दर वर्षी गाठी चढतात, वसंतात लांब लवचीक फोक फुटतात आणि पावसानं जड झालेली फुलं घेऊन ते जमिनीपर्यंत वाकतात. फुलं नव्या फुटीवरच येत असली तरी ती मिळायला झाड तोडावं लागत नाही. तोडतात ते बहुतेकदा जागा चुकल्यामुळे: पंचवीस-तीस फूट होणारं वाण खिडकीखाली लावलेलं असतं. तीन फुटांत राहणारी वाणंही मिळतात. रोप घेताना चिठ्ठीवरची पूर्ण वाढलेली उंची वाचली तर पुढची वीस वर्षं करवत हातात घ्यावी लागत नाही.

दक्षिणेनं झाडांच्या बाबतीत मोठे धडे घेतले आहेत. कुडझू ही जपानी वेल १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात शोभेची म्हणून आली. १९३० च्या दशकात सरकारनं मातीची धूप थांबवायला शेतकऱ्यांना पैसे देऊन ती लावायला सांगितली. १९७० मध्ये त्याच कृषी खात्यानं तिला तण ठरवलं. ब्रॅडफर्ड पेअर हे शोभेचं नासपतीचं झाड १९६३ मध्ये खात्यानंच बाजारात आणलं, ते वांझ आहे अशा समजुतीनं. शेजारी दुसऱ्या वाणाचं झाड लागलं आणि परागीभवन होऊन रानोमाळ काटेरी रान माजलं. त्यात त्याच्या फांद्या वादळात उभ्या फाटतात. दक्षिण कॅरोलिनात १ ऑक्टोबर २०२४ पासून त्याच्या विक्रीला बंदी आहे.

आच्छादनाचंही अति होतं. झाडाभोवती दोन-तीन इंच पाइनच्या सुया किंवा लाकडाचा भुसा हवा, पण खोडाला टेकवून रचलेला ढीग नको. ओल्या सालीखाली खोड कुजतं. घराच्या भिंतीला लागून तर मुळीच नको, कारण दुसऱ्या महायुद्धानंतर जहाजांतून आलेली फॉर्मोसन वाळवी आखाती किनाऱ्यावर ओल्या आडोशाच्या शोधातच असते. आणि ओकवर लोंबणाऱ्या राखाडी स्पॅनिश मॉसला बांडगूळ समजून काढू नये. ती अननसाच्या कुळातली वनस्पती आहे, फांदीवर नुसती बसते, झाडाचा रस घेत नाही.

मुंग्या, डास आणि आपली रोपं

लाल आग्या मुंग्या १९३० च्या दशकात दक्षिण अमेरिकेतून अलाबामातल्या मोबील बंदरात उतरल्या. पुढे जगप्रसिद्ध झालेले कीटकशास्त्रज्ञ ई. ओ. विल्सन यांनी १९४२ मध्ये, शाळकरी वयात, तिथलं त्यांचं वारूळ नोंदवलं. दर पावसानंतर लॉनवर नवी वारुळं उठतात. उकळतं पाणी, रॉकेल असले उपाय वरच्या मुंग्या मारतात, राणी खाली सुखरूप राहते. मक्याच्या कणीवरचं मंद विष कोरड्या दिवशी सगळ्या अंगणात विरळ टाकलं तर मुंग्याच ते राणीपर्यंत नेतात. त्यानंतरही उरलेल्या वारुळांकडे वेगळं पाहावं.

डासांसाठी धुरळणीचा करार करण्याआधी पाणी कुठं साचतं ते शोधावं: कुंड्यांखालच्या ताटल्या, पन्हळी, पावसाच्या पाण्याचे सुरकुतीदार पाइप. उन्हाळ्यात अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एकदा सगळं उपडं करणं पुरेसं होतं. फवारणीत डासांबरोबर मधमाश्या आणि फुलपाखरंही जातात. छोट्या तळ्यात गांबुझिया मासे सोडावेत. ते मूळचे आखाती प्रदेशातलेच. मलेरियाच्या मोहिमांत तिथून जगभर नेले गेले आणि भारतातही पोहोचले.

मराठी घरांत मोगरा, जास्वंद, कढीपत्ता, शेवगा यांची ओढ असते. किनाऱ्याजवळ ही झाडं जमतात, पण चाकांच्या कुंडीत ठेवलेली बरी, म्हणजे थंडीच्या लाटेत गॅरेजमध्ये ढकलता येतात. कढीपत्त्याबद्दल मात्र कायदा पाळावाच. विदर्भातले संत्रा बागायतदार ज्या सायला किडीला ओळखतात, तीच कीड कढीपत्त्यावर पोसते आणि लिंबूवर्गीय झाडांत ग्रीनिंग रोग पसरवते. हा रोग फ्लोरिडात २००५ मध्ये सापडला. तेव्हापासून चक्रीवादळांचीही भर पडून तिथलं संत्र्याचं उत्पादन नव्वद टक्क्यांहून अधिक घटलं आहे. म्हणून भारतातून ताजी पानं किंवा रोप सामानातून नेणं गुन्हा आहे, आणि रोगग्रस्त भागातून दुसऱ्या राज्यात रोप नेण्यावरही निर्बंध आहेत. परवाना असलेल्या स्थानिक रोपवाटिकेतूनच घ्यावं. अळूही जपून लावावं. ओढ्याकाठी सुटलं की ते दक्षिणेत रान माजवतं, म्हणून कुंडीतच ठेवून त्याची भाजी करावी.

नवं घर घेतलेल्यांनी पहिल्या वर्षी एवढंच करावं: मातीची तपासणी, स्प्रिंकलरचं घड्याळ बंद, मोअरची पाती उंच, आणि पाऊस पडल्यावर पाणी कुठं तुंबतं व दुपारी सावली कुठं पडते याची नोंद. जिथं गवत धरत नाही तिथं ते पुन्हा पुन्हा लावू नये. ओकच्या गर्द सावलीत नेचे किंवा नुसती पाइनच्या सुयांची चादर चांगली दिसते. डाग दिसला तर औषधाच्या दुकानात जाण्याआधी परगण्याच्या विस्तार कार्यालयात नमुना घेऊन जावा. सल्ला बहुधा फुकट मिळतो, आणि पुष्कळदा तो काही न करण्याचाच असतो.